रेडकरकाकूंचं अहो-जाहो

रेडकरकाकू तान्ह्या बाळांना 'अहो' म्हणायच्या आणि उरलेल्या जगाला 'अरे' नाहीतर 'अगं'.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे सत्तरीला टेकलेले, धोतर नेसणारे गृहस्थ. ते जिन्यात भेटले की काकू कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काय रे, आज तरी टाकी भरणार का?" आणि त्याच जिन्यात कोणाच्या खांद्यावर महिनाभराचं पोर दिसलं की लगेच पदर सारखा, आवाज मऊ. "अहो, कधी आलात? मानवली का आमची मुंबई?" पोर तोंडातून थुंकीचा बुडबुडा काढायचं. काकू मान डोलवायच्या, "बरं बरं, सावकाश सांगा. घाई नाही."

मी एकदा विचारलंच, "काकू, हा काय प्रकार आहे हो?"

"प्रकार कसला? नवीन माणूस आहे. ओळख ना पाळख. आल्या आल्या कोणी अरेतुरे केलं तर तुला चालेल?"

"मला तुम्ही अगंतुगंच करता की!"

"तुझी ओळख झालीय गो बाय. जरा जास्तच झालीय."

आता यात अडचण एवढीच होती की आमच्याकडच्या घरांत 'अहो' हा शब्दच नाही, ते नवऱ्याचं नाव आहे. आमची बिल्डिंग बोरीवली पूर्वेची, नॅशनल पार्कच्या अंगाला. भिंती पापडासारख्या, खिडक्या सताड उघड्या. काकूंनी माझ्या लेकीला "अहो, ऐकलंत का? उठा आता," म्हटलं की स्वयंपाकघरातून माझे बाबा ओ द्यायचे, "काय गं?" वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडायचं, "आलो, आलो!" एका सकाळी काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, तोंड उघडा बघू! अजून मोठं!" समोरच्या विंगेतले सावंत गॅलरीत दात घासत उभे होते. त्यांनी ब्रश बाजूला धरून चांगला आ वासला. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. सावंतांची बायको मागून म्हणाली, "माझं एवढं कधी ऐकलं नाही यांनी."

काकू म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. मिस्टर फार लवकर गेले. मुलगा रवी लग्न करून मुलुंडला राहायला गेला, आणि काकू आमच्या समोरच्या दारात एकट्या. रिटायर झालेली माणसं पोथ्या वाचतात, भजनी मंडळात जातात. काकू बाळंतिणींना शिकवायच्या. बाळाला तेल कसं लावायचं, अंगावर कसं पाजायचं, कुशीत कसं धरायचं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. मीही बाळंतपणाला माहेरी आले होते. लोक माहेरी कोकणात जातात, देशावर जातात, मी कांदिवलीहून बोरीवलीला आले, मध्ये एक स्टेशनसुद्धा नाही. तरी निघताना सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, आता काय बोलणार!

काकूंचा एक नियम होता. बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. "बाळंतिणीच्या खोलीत आधीच गर्दी. आई, सासू, आत्या, आणि ह्या सगळ्यांचे सल्ले. त्यात आपण कशाला? बोलावलं तर जावं." आणि बोलावलं रे बोलावलं की काकू दारात हजर, तेलाची बाटली काखेत.

त्या वर्षी मात्र त्यांना एकाच घरून बोलावणं हवं होतं. स्वतःच्या सुनेकडून. वैशाली, रवीची बायको, माझ्यामागून दोन-एक महिन्यांनी बाळंत व्हायची होती आणि माहेरी कणकवलीला गेली होती. काकूंची कॅन्व्हासची बॅग भरून दारामागे तयार होती. जुन्या सुती साड्यांची दुपटी, खोबरेल तेल, बाळंतशोपा. रोज एकदा उघडायच्या, पुन्हा घड्या घालून ठेवायच्या.

"मग सरळ सांगा ना तिला, मी येते म्हणून!" मी म्हटलं.

"छे! आईनं शिकवलं तर ते शिकवणं. सासूनं शिकवलं की त्याला टोमणे म्हणतात."

सगळ्या बोरीवलीला अगंतुगं करणारी ही बाई सुनेपुढे मात्र अगदी मुकी व्हायची. तिला 'अगं' म्हणावं तर दरारा वाटेल, 'अहो' म्हणावं तर ती काही तान्हं बाळ नाही. म्हणून काकू तिच्याशी नोटीस बोर्डासारख्या बोलायच्या. "चहा ठेवलेला आहे." "पाऊस येणारसा दिसतोय, छत्री दारामागे आहे." वैशाली बिचारी हळू आवाजात "हो" म्हणायची, आणि संपलं संभाषण. हे मी एका दिवाळीत बघितलं होतं. दोघींची इतकी दया आली की मी चिवडा तिथेच ठेवून पळाले.

आमच्या घरी मात्र काकूंची जीभ मोकळी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या ह्यांना कामाला लावलं. हे ऑफिसातून थकून-भागून लेकीला बघायला आले, तर काकूंनी त्यांच्या मांडीवर पपई ठेवली. चांगली पिकलेली, पिवळीधमक.

"लाव तेल."

"पपईला?" हे म्हणाले.

"मग काय, एकदम पोरीवर हात साफ करणार? पपईला डाग पडला तर नापास. अरे, कणीक तिंबतोस काय? हलक्या हातानं! आणि तिच्याशी बोल!"

"पपईशी?"

"सवय कशी लागणार मग?"

आमचे हे कॉमर्सचे पदवीधर. भोळा सांब. हळूच म्हणाले, "अं... कशी आहेस?" आई तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. तीन पपया नासल्या, चौथ्या पपईला पास झाले. ती पपई बाबांनी कापून खाल्ली आणि म्हणाले, जरा खोबऱ्याची चव लागतेय, पण चांगली आहे.

आईचं वेगळंच. तिला नातीचं नाक बसकं वाटायचं. "सिस्टर, मालिश करताना जरा नाक ओढाल का? सरळ येईल."

"नाक बापाचं आहे," काकू म्हणाल्या. "आधी त्याचं ओढ. वेळ उरला तर हिचं बघू." हे तिथेच बसले होते. त्यांनी नाकावर रुमाल धरला.

पण पाजण्याचं सोपं नव्हतं. पहिला आठवडा मी नुसती रडत होते. पोरगी तोंड लावायची, दोनदा चोखायची, सोडायची आणि लालबुंद होऊन किंचाळायची. जो येईल तो म्हणायचा, दूध कमी आहे वाटतं. सासूबाई दुधाच्या पावडरीचा मोठा डबा आणून फळीवर ठेवून गेल्या, "लागला तर असावा" म्हणून. तो डबा माझ्याकडे बघत बसायचा. बँकेत मी कोणाचं ऐकून घेत नाही, कॅशियरसुद्धा टरकून असतो मला. आणि इथे हातभर पोरीपुढे माझी वाट लागलेली.

काकू आल्या, समोर बसल्या, थोडा वेळ नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "खांदे कानाला लागलेत तुझे. बँकेत दरोडा पडलाय का?"

तेवढ्यात गॅलरीच्या कठड्यावर पार्कातली माकडीण येऊन खांबाला टेकून बसली, पोटाशी पिल्लू. आईनं आधी हात जोडले आणि मग केळी आत नेली. काकूंनी माझी हनुवटी धरून तोंड तिकडे वळवलं. "ती बघ. पाठ टेकलीय, खांदे सैल, पिल्लू पोटाला पोट लावून. ती वाकलीय का त्याच्यावर? त्यालाच घेतलंय ना जवळ? तिच्या सासूनं डबा आणलाय का बघ." मी त्या रडण्यातही खो-खो हसले. हसल्यावर खांदे आपोआप खाली आले.

"आता सांग, तू वडापाव कसा खातेस?" काकूंनी विचारलं.

"बाळंतिणीला बटाटा?" आई आतून ओरडली. "वात होईल!"

"खायचा नाही, बघायचाय." बाबांना स्टेशनाकडे पिटाळलं. वडापाव आला. काकूंनी तो ओठांच्या टोकाला लावला. "असं नुसतं टोक चोखून पोट भरेल? आणि वर तुलाच दुखेल. बाईसाहेबांचं तोंड वडापाव खाल्ल्यासारखं मोठं होईस्तोवर थांबायचं. ओठाला हळूच शिवायचं, वाट बघायची. आ केलं की झटक्यात जवळ घ्यायचं. हनुवटी आधी टेकली पाहिजे, मग भरपूर घास." आणि त्यांनी स्वतः असा दणदणीत घास घेतला की पुढचं काही बोलता येईना. उरलेला धडा हातवारे करून शिकवला. मिरची लागल्यामुळे डोळ्यांतून पाणी.

मी पाठ टेकली. पोटाला पोट. थांबले. काकू घास गिळून पोरीला म्हणाल्या, "अहो, बटाटा गरम आहे, या." आणि पोरीनं आ केलं, मोठ्ठं, आणि मी तिला जवळ घेतलं. पहिल्यांदा दुखलं नाही. काकूंनी ओठावर बोट ठेवलं. "ऐक." गटक. जरा थांबून पुन्हा, गटक. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी काकूंच्या तेलकट हाताची पापीच घेतली. डबा माळ्यावर गेला.

वैशालीला मुलगा झाला ती बातमी तळमजल्याच्या जयंतीभाईंच्या फोनवर आली. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तेवढा एकच फोन, सगळ्यांचे निरोप तिथेच. काकू धावत खाली गेल्या आणि पेढे घेऊनच वर आल्या. पाच मिनिटांत सगळ्या दारांत पेढे. आमच्या दारात आल्या तेव्हा मी विचारलं, "मग? बॅग उचलायची ना?"

"रवी म्हणाला, सगळं ठीक आहे. आई, तू आता दगदग करू नकोस." काकू पेढ्याचा बॉक्स बंद करत होत्या. झाकण नीट बसत नव्हतं. "शहाणा आहे माझा रवी. आईची काळजी करतो."

मग त्या माझ्या लेकीला तेल लावायला बसल्या. एकाच पायाला दोनदा तेल लावलं. मी म्हटलं, "काकू, जा ना तुम्ही. आपल्याच घरचं बाळ आहे."

"बोलावलं नाही गो," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काकू पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर माझी लेक, तेलानं माखलेली. खालून जयंतीभाईंच्या बायकोची आरोळी आली, "रेडकरबेन! ट्रंक कॉल! कणकवली!" काकू ज्या उठल्या त्या लेकीला टॉवेलात गुंडाळून तशाच जिन्यात. मी मागे, "काकू, माझी पोर!" म्हणत.

जयंतीभाईंच्या हॉलमध्ये वेगळाच समारंभ चालू होता. त्यांच्या हंसाला बघायला पाहुणे आले होते. सोफ्यावर मुलगा, त्याचे आईवडील, हंसाच्या हातात चहाचा ट्रे. आणि त्यांच्या मधोमध फोन. काकूंनी कोणाकडेही न बघता रिसीव्हर उचलला आणि म्हणाल्या, "फोन आलेला आहे."

नोटीस बोर्ड! मी कपाळाला हात लावला. रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला कान लावला तर वैशाली हुंदके देत होती. "आई, हा पीतच नाही. चोखतो आणि सोडतो. सगळे म्हणतात दूध नाही, डबा आणा. आई, मी काय करू?"

काकूंचे नुसते ओठ हलत होते. मी त्यांना सणसणीत चिमटा काढला. "काकू, सून विसरा! बाळंतीण आहे ती!"

काकूंनी श्वास घेतला. "गो बाय माझे! आधी रडणं बंद कर! पाठ टेक! खांदे खाली!"

ट्रंक कॉलवर ओरडूनच बोलायचं असतं. हॉलमधल्या सगळ्यांचे खांदे खाली आले. हंसाचेही, ट्रेसकट.

"आता त्यांना पोटाशी घे. पोटाला पोट! वाकायचं नाही, त्यांना जवळ आणायचं!" काकू माझ्या लेकीला काखेत धरून सगळं करून दाखवत होत्या, जसं काही कणकवलीला दिसत होतं. "तोंड मोठं होऊ दे. थांब! वडापाव आठव! वडापाव गं, वडापाव!"

जयंतीभाई बायकोच्या कानात कुजबुजले, "वडापाव मंगावू?"

तेवढ्यात लाइनीवर ऑपरेटर आली. "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?"

"अगं ए, तुला पोरं आहेत का?" काकूंनी विचारलं.

"दोन आहेत, मॅडम."

"मग गप्प राहा आणि ऐक!"

ऑपरेटर खरंच गप्प राहिली. थोड्या वेळानं तिचाच आवाज आला, "मॅडम, त्या म्हणतायत, मोठं तोंड झालं. पुढे बोला ना!"

"हनुवटी आधी! मग भरपूर घास! घेतला? दुखतंय? नाही ना? आता रिसीव्हर त्यांच्या गालापाशी धर."

सोफ्यावरच्या मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला, आवाज न करता. रिसीव्हरमधून मला तर नुसती खरखर ऐकू येत होती. काकूंनी डोळे मिटले. "अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी आजी." आणि मग डोळे उघडून सगळ्यांना सांगितलं, "पितायत!"

मुलाच्या आईनं टाळ्या वाजवल्या. जयंतीभाईंनी पेढ्यांची बशी फिरवली, ती खरं म्हणजे मुलीच्या पसंतीसाठी ठेवलेली. पसंतीही झाली पुढे, हंसा आता नातवंडांची आजी आहे.

पण तेव्हा वैशाली पुन्हा फोनवर आली होती. रडण्यानं आवाज जड. "आई, तुम्ही माझ्याशी कधी बोलतच नव्हतात. मला वाटायचं, तुम्हाला मी आवडतच नाही."

"अगं, मी—" काकू म्हणाल्या, आणि खरखर वाढली, आणि त्या खरखरीत वैशालीचा एक शब्द आला आणि लाइन तुटली.

काकू रिसीव्हर हातात घेऊन तशाच उभ्या. मग माझ्याकडे वळल्या. "शेवटी काय म्हणाली गो? 'बरंय' म्हणाली, की 'बरं, या'?"

आता सांगा! 'बरंय' म्हणजे ठीक आहे, ठेवते. 'बरं, या' म्हणजे निघून या. मध्ये एक श्वास घेतला की नाही, एवढाच फरक, आणि तो श्वास कणकवली ते बोरीवलीच्या तारेत कुठे सांडला कोणास ठाऊक. मी छातीठोकपणे म्हटलं, "या म्हणाली!" काकूंचा विश्वास बसेना. त्यांनी जयंतीभाईंना विचारलं. जयंतीभाई विचार करून म्हणाले, "बेन, आवजो जेवु कंईक बोली." म्हणजे 'आवजो'सारखं काहीतरी बोलली. आणि गुजरातीत 'आवजो' म्हणजे 'या' आणि निरोप घेतानाही 'आवजो'च! त्यांच्या म्हाताऱ्या बांनीही, म्हणजे आईनंही, मान डोलवून तेच सांगितलं. म्हणजे झाला का निकाल? संध्याकाळपर्यंत काकूंनी सावंतांनासुद्धा विचारलं, ते तर तिथे नव्हतेच. त्यांनीही "या म्हणाली," असंच सांगितलं. मीच पढवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कणकवलीची एस.टी. बोरीवलीहूनच सुटायची. गेटवर रिक्षा उभी केली, बॅग आत ठेवली. मी लेकीला घेऊन सोडायला गेले. काकू रिक्षात बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "'बरंय' म्हणाली गो ती."

"नाही हो काकू, मी ऐकलं—"

"प्रसूतिगृहात आख्खी नोकरी काढली मी. चार खोल्या सोडून कुठलं पोर रडतंय ते कळायचं मला. 'बरंय'च म्हणाली." त्यांनी बॅग मांडीवर घेतली. "तरी चाललेय बघ. नियम गेला खड्ड्यात."

रिक्षावाला मीटर टाकून मागे बघत होता.

"दारात काय म्हणू तिला?" काकूंनी विचारलं. अगदी लहान आवाजात. एवढ्या बायकांना शिकवणारी ही बाई, आणि माझ्याकडे बघत होती, की मीच आता काहीतरी शिकवीन. "दार उघडेल ती. समोर मी. कशाला आलात, असं नाही म्हणायची, चांगली आहे पोर. पण मनात आलं तर? आधी मीच काहीतरी म्हणायला हवं ना? काय म्हणू?"

"म्हणा," मी म्हटलं, "राहवलं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी ते मनात म्हणून बघितलं. मग तोंडानं. "राहवलं नाही." खूप कोरडं वाटलं त्यांना, मान हलवली. रिक्षा सुरू झाली. फाटकाच्या खड्ड्यात आपटून वळली, तेव्हा बाजूनं त्या दिसल्या, बॅग छातीशी घट्ट धरलेली, समोर बघत स्वतःशीच म्हणत होत्या, "राहवलं नाही गं मला, वैशाली. राहवलंच नाही."